ऐतिहासिक कृष्णवर्णीय महाविद्यालयांतील नवोदित विज्ञान अध्यापकांच्या नेतृत्वविकासाबाबत निवेदन

प्रति,
मा. संचालक,
नॅशनल सायन्स फाउंडेशन,
अमेरिका.

विषय : नवोदित विज्ञान अध्यापकांना नेतृत्वासाठी वेळ, प्रशिक्षण व अधिकार मिळण्याबाबत.

मा. महोदय,

आम्ही अमेरिकेतील ऐतिहासिक कृष्णवर्णीय महाविद्यालयांत व विद्यापीठांत विज्ञान शिकवणारे मराठी भाषक अध्यापक आहोत. जोतीराव फुले यांनी १८७३ साली आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेत गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केला. त्या परंपरेत वाढलेले आम्ही या संस्थांच्या प्रश्नाकडे तिऱ्हाइताच्या नजरेने पाहू शकत नाही.

१८३७ मध्ये पेनसिल्व्हेनियात सुरू झालेल्या चेनी या संस्थेपासून या महाविद्यालयांचा इतिहास सुरू होतो. आज देशात अशा सुमारे शंभर संस्था आहेत. एकूण उच्च शिक्षणसंस्थांत त्यांचे प्रमाण जेमतेम ३ टक्के आहे. मात्र विज्ञान व अभियांत्रिकीच्या कृष्णवर्णीय पदवीधरांत त्यांचा वाटा या प्रमाणाच्या कितीतरी पट आहे. हे काम ज्यांच्या खांद्यावर उभे आहे, त्या तरुण सहायक प्राध्यापकांची स्थिती आम्ही आपल्यापुढे मांडत आहोत.

लहान महाविद्यालयात भौतिकशास्त्राचा किंवा रसायनशास्त्राचा विभाग म्हणजे तीन-चार माणसे. नवा अध्यापक रुजू होतो आणि लवकरच अभ्यासक्रमाची फेररचना, प्रयोगशाळेची सुरक्षा, अधिस्वीकृतीचे अहवाल, अनुदानाचा हिशेब आणि विद्यार्थ्यांचे मार्गदर्शन त्याच्याकडे येते. पद नसतानाच त्याला नेतृत्व करावे लागते. विभागाचे अंदाजपत्रक कसे वाचावे, सहकाऱ्यांतील मतभेद कसे हाताळावेत, अधिष्ठात्यांकडे जागा व उपकरणे कशी मागावीत, हे त्याला पीएच.डी. करताना कोणी शिकवलेले नसते. पुढे कायम नियुक्तीच्या मूल्यमापनात मोजले जातात ते मुख्यतः शोधनिबंध. विभाग सावरण्यात गेलेली वर्षे कोणत्याच रकान्यात बसत नाहीत.

सेंट एल्मो ब्रॅडी यांनी १९१६ मध्ये इलिनॉय विद्यापीठातून रसायनशास्त्राची डॉक्टरेट मिळवली. या विषयात ती मिळवणारे ते पहिले आफ्रिकन अमेरिकन. त्यानंतर त्यांनी टस्कीगी, हॉवर्ड आणि फिस्क येथे व निवृत्तीनंतर टुगालू येथे रसायनशास्त्राच्या अध्यापनाची घडी बसवली. फिस्कमध्ये पदव्युत्तर अभ्यासक्रमही उभा केला. एका अध्यापकाच्या नेतृत्वाने काय घडते, याचा हा पुरावा आहे. परंतु शंभर वर्षांनंतरही संस्थांनी अशा एखाद्या असामान्य माणसाची वाट पाहत बसावे, हे न्याय्य नाही. नेतृत्व घडवण्याची व्यवस्था हवी.

ही व्यवस्था संस्थांनी स्वतःच्या बळावर उभारावी, असे म्हणणे सोपे आहे. तथापि २०२३ मध्ये केंद्रीय शिक्षणमंत्री व कृषिमंत्री यांनी १६ राज्यांच्या गव्हर्नरांना पाठवलेल्या पत्रांनुसार, १८९० च्या मॉरिल कायद्याखालील कृष्णवर्णीय विद्यापीठांना तीन दशकांत राज्यांकडून १२ अब्ज डॉलरहून अधिक निधी कमी मिळाला. ज्यांचे हक्काचे पैसेच आले नाहीत, त्यांनी प्रशिक्षणासाठी शिल्लक कोठून काढावी?

आपल्या संस्थेच्या अनुदानांनी आमच्या प्रयोगशाळांना हातभार लावला आहे, याची आम्हांला कृतज्ञ जाणीव आहे. मात्र उपकरणासाठी निधी मिळतो, ते चालवणारा विभाग उभा करणाऱ्या माणसासाठी पुरेसा मिळत नाही. म्हणून आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे :

१. नोकरीच्या पहिल्या सहा वर्षांतील विज्ञान अध्यापकांसाठी तीन वर्षांची स्वतंत्र नेतृत्व-अधिछात्रवृत्ती सुरू करावी.

२. या काळात प्रत्येक सत्रात किमान एका विषयाच्या अध्यापनातून सूट मिळावी व बदली अध्यापकाचे वेतन अनुदानातून द्यावे. वेळ न देता दिलेले प्रशिक्षण हा आणखी एक बोजा ठरतो.

३. प्रशिक्षण दोन दिवसांच्या कार्यशाळेवर आटोपू नये. अधिछात्राने आपल्या विभागातील एक खरा प्रश्न हाती घेऊन तो तडीस न्यावा. अंदाजपत्रक, अनुदान-व्यवस्थापन व अभ्यासक्रमरचना त्याच ओघात शिकवावी.

४. प्रत्येकाला दोन मार्गदर्शक द्यावेत : एक कृष्णवर्णीय महाविद्यालयातील अनुभवी विभागप्रमुख, दुसरा त्याच्या संशोधनक्षेत्रातील. दोघांनाही मानधन द्यावे.

५. अधिछात्राचे हे काम कायम नियुक्ती व बढतीच्या मूल्यमापनात धरले जाईल, अशी संस्थेची लेखी हमी ही अनुदानाची पूर्वअट असावी.

६. लहान महाविद्यालयांसाठी सामाईक अनुदान-साहाय्य कक्ष उभारावेत, म्हणजे कागदपत्रांचा भार एकट्या अध्यापकावर पडणार नाही.

७. निवड व देखरेख समितीत निम्मे सदस्य याच संस्थांतील अध्यापक असावेत. तसेच मुलांच्या संगोपनाची जबाबदारी असलेल्या अध्यापकांसाठी प्रशिक्षणकाळात पाळणाघराचा खर्च मंजूर करावा.

८. योजनेचा अहवाल दरवर्षी जाहीर करावा. किती जणांना प्रमाणपत्रे दिली यापेक्षा किती जण त्याच संस्थेत टिकले व त्यांच्या विभागात काय बदलले, हे त्यात नोंदवावे.

यांतील एकही मागणी सवलतीची नाही. जे काम हे अध्यापक आजही करत आहेत, ते नीट करण्याची साधने आम्ही मागत आहोत. आगामी अर्थसंकल्पात या योजनेची तरतूद करावी, तिचा आराखडा ठरवण्यापूर्वी आमच्या प्रतिनिधींना चर्चेसाठी वेळ द्यावी आणि आपला निर्णय लेखी कळवावा, ही नम्र विनंती.

आपले विश्वासू,
ऐतिहासिक कृष्णवर्णीय महाविद्यालयांतील
मराठी भाषक विज्ञान अध्यापक

प्रत माहितीसाठी : संबंधित विद्यापीठांचे अध्यक्ष व विज्ञान शाखांचे अधिष्ठाते