८८८८८ नंबरचं खातं

लॅबमध्ये सीआरओ उडाला की पहिला प्रश्न काय येतो? "कोणी उडवला?" सगळी बॅच खाली मान घालून उभी! शेवटी ब्रेकेज सगळ्यांच्या कॉशन मनीतून कापलं जातं. पण कसा उडाला, हे कोणीच विचारत नाही. मग पुढच्या बॅचला तो पुन्हा उडतो.

मोठ्या कंपन्यांतही हेच चालतं. १७६२ साली सुरू झालेली लंडनची बेअरिंग्ज बँक फेब्रुवारी १९९५ मध्ये बुडाली. तोटा ८२.७ कोटी पौंड! आयएनजी या डच कंपनीने ती अवघ्या १ पौंडाला घेतली. सिंगापूर ऑफिसमधल्या २८ वर्षांच्या निक लीसनला साडेसहा वर्षांची शिक्षा झाली. संपला विषय?

मला नाही वाटत. सौदे करणारा लीसन आणि त्यांचे हिशोब बघणाराही लीसनच. म्हणजे पेपर लिहिणारा आणि तपासणारा एकच! १९९४ मध्ये बँकेच्याच ऑडिटने ही कामं वेगळी करायला सांगितलं होतं. पण नफा दिसत होता, मग कोण कशाला खोलात जातंय?

लीसनने तोटा लपवला तो ८८८८८ नंबरच्या खात्यात. त्याच्या म्हणण्याप्रमाणे सुरुवात झाली १९९२ मध्ये, हाताखालच्या एका नवख्या मुलीची चूक झाकण्यापासून. खरेदीऐवजी तिने विक्री केली होती. तोटा सुमारे २० हजार पौंड. त्याचा शब्द जपूनच घ्यायला हवा. पण ती चूक त्याच दिवशी न घाबरता सांगता आली असती तर?

विमान क्षेत्राने हे ओळखलं. अमेरिकेत १९७६ पासून नासा पायलटांचे गुप्त रिपोर्ट घेते. नकळत झालेली चूक १० दिवसांत कळवली तर सहसा दंड माफ. गुन्ह्याला आणि अपघाताला मात्र ही सवलत नाही.

"म्हणजे कोणालाच जबाबदार धरायचं नाही?" असं मुळीच नाही. चूक झाली तर आधी कारण शोधा. पण कोणी ती लपवली, किंवा वॉर्निंग वाचून फाईल मिटली, तर नाव आलंच पाहिजे, खुर्ची कितीही मोठी असो. "सिस्टीम फेल झाली" ही पळवाट नको. सिस्टीमही माणसंच चालवतात ना!

उद्या आपल्यापैकी कोणी प्लांटमध्ये असेल, कोणी बँकेच्या सॉफ्टवेअरवर. सवय आत्ताच लावूया. "सर, माझ्याकडून उडाला," असं आम्ही सांगू. सर, तुम्ही आधी "कसा?" असं विचाराल?