खिंडीतला माणूस

गेल्या जुलैत आम्ही पंधरा जण चोर्ला घाटाच्या बाजूला भटकायला गेलो होतो. धुकं एवढं, की पुढच्याचा रेनकोटसुद्धा धड दिसत नव्हता. मोबाईलला रेंज नाही. तरी सगळे निवांत, कारण दोन वॉकी-टॉकी होते ना! एक पुढच्यांकडे, एक शेवटी आमच्याकडे.

पुढचे खिंड ओलांडून पलीकडे उतरले आणि सेट मुका झाला. नेमका तेव्हाच आमच्यातल्या एकीचा पाय मुरगळला. आम्ही बटण दाबून ओरडत राहिलो, ते चालत राहिले. पाऊण तासाने मी आणि एक मित्र सेट घेऊन खिंडीत चढलो. बटण दाबल्याबरोबर पलीकडून आवाज आला, "कुठं आहात गा तुम्ही?"

परत आल्यावर सगळ्यांचं एकच मत : सेट भिकार, महागातला घ्यायला हवा. मला हे पटत नाही. या सेटच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. मध्ये डोंगर आला की अडतात. खोक्यावर छापलेले किलोमीटर मोकळ्या मैदानातले असतात, घाटातले नव्हेत. घाटात पैशापेक्षा तुम्ही कुठे उभे आहात याला किंमत. म्हणून महागडे दोन नकोत, साधे तीन हवेत. तिसरा सेट खिंडीतल्या माणसाकडे. त्याने इकडचा निरोप तिकडे सांगायचा आणि शेवटचा माणूस पार होईपर्यंत जागा सोडायची नाही.

घेताना पारखून घ्या. आपल्याकडे ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झमधले कमी शक्तीचे, मान्यताप्राप्त सेट विनापरवाना वापरता येतात. ऑनलाइन दिसेल तो सेट त्यात बसतोच असं नाही.

पण खरी चूक यंत्राची नव्हतीच. सेट होते म्हणून आम्ही अंतर वाढू दिलं. एरवी वळणावळणाला थांबून मागे पाहिलं असतं. आणि सेट गप्प झाला तेव्हा पुढच्यांनी धरलं, की मागे सगळं ठीक आहे. डोंगरात शांततेचा असा अर्थ लावणं धोक्याचं. दर पंधरा मिनिटांनी हाक द्यायची, उत्तर आलं नाही तर थांबायचं, हे आधी ठरलेलं हवं. १६६० साली बाजीप्रभू घोडखिंडीत लढले ते विशाळगडावरच्या तोफांची वाट पाहत, हे आपण शाळेत शिकलो. त्या आवाजाचा अर्थ आधीच ठरलेला होता, म्हणून तो निरोप झाला. नाहीतर नुसता धडाका.

शिवाय सेटवर एका वेळी एकालाच बोलता येतं. दोघांनी बटण दाबलं तर कुणाचंच धड कळत नाही. मिस्सेत फादरांची प्रार्थना संपल्याशिवाय आपण 'आमेन' म्हणत नाही, तसं समोरच्याचं 'ओव्हर' येईपर्यंत थांबायचं. साहित्य मंडळातल्या आम्हा बडबड्यांना हे जड जाणार, मला माहीत आहे!

म्हणून माझं म्हणणं एवढंच : यंदा निघण्याआधी कॉलेजच्या मैदानावर एक तास सराव करू या. आणि खिंडीत कोण थांबणार, ते गाडीत बसण्याआधी ठरवू या. पहिलं नाव माझं लिहा.