मोटर जळत नाही, जाळली जाते

मोटर जळाली की शेरा तयार असतो: शेतकरी पंपाची निगा राखत नाही. हा शेरा मारणाऱ्यांनी आमच्या डीपीवरचे व्होल्टेज कधी मोजले आहे काय? ग्राहकाला ठरल्या व्होल्टेजपेक्षा सहा टक्क्यांहून कमीजास्त देऊ नये, हे १९५६ च्या भारतीय वीज नियमांतच लिहिले होते. ४१५ व्होल्टला हा हिशेब ३९० च्या खाली जात नाही. व्होल्टेज पडले म्हणून विहीर उथळ होत नाही. तेवढेच पाणी उपसायला मोटर जास्त अँपिअर ओढते. अँपिअर सव्वापट झाले की वायंडिंगमधली उष्णता दीडपटीच्या वर जाते.

२०२४ साली सरकारने साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज मोफत जाहीर केली. रिवायंडिंगचे बिल कोण माफ करणार?

पण नुसते ओरडून भागणार नाही. पंप झिजतो, आणि बहुतेक वेळा सांगून झिजतो. बेअरिंग आधी कुरकुरते, मग तापते, शेवटी जाम होऊन मोटर जाळते. ग्लँडमधून थेंब पडावेत. धार लागली तर दोरी संपली. इम्पेलर मात्र मुकाट झिजतो, फक्त पाणी कमी होते. विहिरीत पाणी तेवढेच, व्होल्टेजही तेवढेच, आणि ४० सेकंदांत भरणारा दोनशे लिटरचा ड्रम ५० सेकंद घेऊ लागला, तर पाचातला एक हिस्सा पाणी गेले. आधी फुटव्हॉल्व्हची जाळी पाहा, मग पंप उघडा. पाणबुडी मोटरचा तर आवाजही येत नाही. तिथे ड्रम आणि अँपिअर हेच साक्षीदार.

म्हणून आमचे सांगणे आहे, पंपागणिक एक वही ठेवा. पंधरवड्याला एक ओळ: तारीख, वेळ, व्होल्टेज, अँपिअर, विहिरीची पातळी, ड्रमचे सेकंद. क्लँपमीटर गावात एक पुरे, जाणत्याच्या हाती. व्होल्टेज ठीक असून अँपिअर चढले, तर दोष आपल्या पंपात. वेळीच दुरुस्त करा. व्होल्टेज पडले की अँपिअर चढतात, तर दोष पुरवठ्याचा. एकट्याची तक्रार साहेब टेबलाखाली टाकतो. एका डीपीवरच्या वीस वह्या त्याला टाकता येणार नाहीत.

बोंड भरताना कपाशीला, दाणा भरताना ज्वारीला आपण फार तर एक पाणी देतो. त्या आठवड्यात जळालेली मोटर म्हणजे जळालेले पीक. पुढच्या जिल्हा बैठकीला गाऱ्हाणे नको, वही घेऊन या.