झाडाची नाडी

परसातील लिंबाची पाने पिवळी पडू लागली की घरात बहुधा दोनच मते निघतात. एक म्हणते, औषध मारा; दुसरे म्हणते, तोडून टाका. झाडाला नेमके काय झाले आहे, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही. घरातले माणूस तापाने फणफणले असता, शेजाऱ्याकडे उरलेले औषध चमचाभर पाजावे, असे कोणी म्हणणार नाही. परंतु कपाशीवर मारून उरलेले कीटकनाशक परसातल्या झाडावर सर्रास फवारले जाते. आणि त्याच झाडाचे लिंबू दुसऱ्या दिवशी पानात वाढले जाते!

आयुर्वेदाने रोगपरीक्षेसाठी दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न असे तीन मार्ग सांगितले आहेत. सुरपालाच्या ‘वृक्षायुर्वेद’ या संस्कृत ग्रंथात तर झाडांचे रोगही वात, पित्त व कफ यांच्या आधारे वर्णिले आहेत. ती दोषकल्पना आजच्या वनस्पतिशास्त्राला मान्य नाही; मात्र उपचाराआधी निदान हवे, हा तिच्यामागील आग्रह आजही तितकाच खरा आहे.

पिवळ्या पानांचेच पाहू. पिवळेपणा कोणत्या पानांवर आहे, यावर सारे अवलंबून असते. नत्र कमी पडले की झाड जुन्या पानांतील नत्र काढून कोवळ्या पानांना पुरवते. म्हणून खालची, जून पाने आधी पिवळी होतात. लोहाचे तसे नाही. ते एका पानातून दुसऱ्या पानात सहजी जात नाही. त्यामुळे लोह कमी पडले की शेंड्याकडची नवी पाने फिकी होतात आणि त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. चुनखडीच्या जमिनीत हे विशेष घडते. घर बांधताना चुना-सिमेंटाचा राडारोडा झाडाखाली पुरला असेल तरी तेच होते. मातीत लोह असते, पण मुळांना ते घेता येत नाही. अशा झाडाला कीटकनाशकाने न्हाऊ घातले तरी त्याचा काय उपयोग? पिवळेपणाचे आणखी एक कारण म्हणजे अतिप्रेम. मोरीचे पाणी अष्टौप्रहर बुंध्याशी साचले की मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात आणि पाने माना टाकतात. घरातली मंडळी त्याला तहान समजून आणखी दोन बादल्या ओततात.

काही वेळा तर रोगच नसतो. देशी बदामाची पाने हिवाळ्यात लाल होऊन गळतात, फणसाची नरफुले काळी पडून खाली येतात. हा त्या झाडांचा धर्मच आहे.

आंब्याची पाने काजळी धरल्यासारखी काळी दिसली तर दोष काजळीत शोधू नये. तुडतुड्यांनी किंवा पिठ्या ढेकणांनी सोडलेल्या चिकट गोड द्रवावर ती बुरशी वाढते. बुंध्यावरून मुंग्यांची रांग चढत असेल, तर तीही बहुधा त्याच गोडव्याच्या शोधात असते. खोडाला भोक आणि खाली लाकडाचा भुसा दिसला, तर आत भिरूड आहे असे समजावे. नारळाची गोष्ट अधिक गंभीर. गेंड्या भुंग्याने कातरलेली पाने उलगडल्यावर पंख्यासारखी दिसतात. तेवढ्याने माड मरतोच असे नाही. परंतु त्या जखमेतून सोंड्या भुंगा शिरला, तर त्याच्या अळ्या आतल्या आत गाभा पोखरतात. खोडावरच्या छिद्रांतून तपकिरी रस झिरपतो. माडाला वाढीचा कोंब एकच. तो गेला की माड गेला, आणि वर्षानुवर्षे नारळ देणारा आधार घरातून उठला.

तिसरा मार्ग प्रश्नाचा. झाड बोलत नाही, म्हणून प्रश्न घरालाच विचारावा लागतो: गेल्या दोन-चार वर्षांत इथे काय बदलले? कुंपणाची भिंत घालताना मुळे तुटली का? अंगणात फरशी बसवली का? झाड दुखण्याला उशिरा उत्तर देते, म्हणून कारण विसरलेले असते. बुंध्याला घट्ट आवळणारा सिमेंटचा ओटा शोभेचा वाटतो. पण त्याने मुळांचे पाणी आणि हवा दोन्ही तुटतात. २०१३ साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने दिल्लीतील झाडांभोवतीचे एक मीटरच्या आतील काँक्रीट काढण्याचा आदेश दिला, तो उगीच नव्हे.

एवढे बारकावे सामान्य माणसाने कुठून जाणावे, असा आक्षेप कोणी घेईल. तो अगदीच गैर नाही. परंतु देशात आज सातशेहून अधिक कृषी विज्ञान केंद्रे आहेत. तेथे जाताना एखादे वाळके पान खिशात घालून नेऊ नये; जुनी-नवी दोन्ही पाने असलेली डहाळी आणि मुळांजवळची मूठभर माती न्यावी. आणि कुऱ्हाड उचलण्यापूर्वी, आंबा-लिंबासारखे झाड असेल तर, वाळलेल्या वाटणाऱ्या फांदीची साल नखाने किंचित खरवडून पाहावी. खाली ओलसर हिरवा थर दिसला, तर ती फांदी अजून जिवंत आहे.