अर्धवेळ खेळाडू, पूर्ण कामगार

स्त्रियांच्या चळवळीच्या अंकात फुटबॉल कशाला, असा प्रश्न काही मैत्रिणींना पडेल. उत्तर सरळ आहे. बाई जिथे श्रम करते आणि जिथे तिच्या श्रमावर दुसऱ्याची सत्ता चालते, ती प्रत्येक जागा आपल्या चळवळीची आहे. मग ते शेत असो, कार्यालय असो वा मैदान.

स्त्रियांची राष्ट्रीय फुटबॉल स्पर्धा, इंडियन वुमेन्स लीग, २०१६-१७ मध्ये सुरू झाली. २०२३-२४ मध्ये तिच्याखाली दुसरी श्रेणी आली. राज्याराज्यांतले क्लब या श्रेणीत खेळतात आणि जिंकणारे वर चढतात. २०२४-२५ मध्ये दिल्लीचा गढवाल युनायटेड आणि गोव्याचा सेसा हे संघ असेच वर गेले. या खालच्या श्रेणीला निमव्यावसायिक म्हणतात. म्हणजे काय? संघ एका गावी जमतात, हॉटेलात उतरतात, काही आठवड्यांत स्पर्धा आटोपते. उरलेले वर्ष खेळाडू शिकते, मिळेल ती नोकरी करते, घरचे राबते. मार्च २०२३ मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने वरच्या श्रेणीतील क्लबांनी किमान १० भारतीय खेळाडूंना वर्षाला किमान ३ लाख २० हजार रुपयांचा करार द्यावा, असे ठरवले. चांगलेच झाले. पण तो निर्णय वरच्या पायरीपुरता. खालच्या पायरीवरची मुलगी क्लबमालकाच्या मर्जीवर.

ही मर्जी कशी असते ते मार्च २०२४ मध्ये गोव्यात दिसले. दुसऱ्या श्रेणीच्या स्पर्धेसाठी हिमाचल प्रदेशातील एक संघ तिथे उतरला होता. रात्री खोलीत अंडी उकडत असताना क्लबचा मालक दारूच्या नशेत आत घुसला आणि त्याने मारहाण केली, अशी तक्रार दोन खेळाडूंनी केली. म्हापसा पोलिसांनी त्याला अटक केली, महासंघाने निलंबित केले. आरोपांचा निवाडा न्यायालयाचा. आपण पाहायचे ते सत्तेचे गणित. हाच गृहस्थ क्लबचा मालक, राज्य संघटनेचा पदाधिकारी आणि राष्ट्रीय महासंघाच्या कार्यकारिणीचा सदस्य होता. मुलींनी दाद मागायची तर कोणाकडे? तरीही त्या बोलल्या. त्यांच्या हिमतीला आमचा सलाम.

ही गोष्ट आपल्याला नवी नाही. राजस्थानातील भंवरीदेवी साथिन म्हणून मानधनावर राबत होती. बालविवाह रोखायला गेली म्हणून १९९२ मध्ये तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला, आणि तिला कामाला लावणाऱ्या शासनाने जबाबदारी झटकली. त्या लढ्यातून १९९७ चा विशाखा निकाल आला, आणि पुढे २०१३ चा कायदा. साथिनीचे काम ‘सेवा’ ठरले, फुटबॉलपटूचे काम ‘हौस’ ठरते. श्रमाला दुसरे नाव दिले की हक्क टाळता येतात, हा जुना डाव आहे.

२०१३ च्या कायद्याने मात्र हा डाव ओळखला आहे. कामाच्या जागेच्या व्याख्येत क्रीडासंस्था, स्टेडियम, स्पर्धेचे ठिकाण हे सारे येते, निवासी असो वा नसो. कर्मचाऱ्याच्या व्याख्येत हंगामी, कंत्राटी, शिकाऊ, अगदी बिनपगारी काम करणारी स्त्रीही येते. दहापेक्षा कमी माणसे असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. प्रत्येक मारहाण लैंगिक छळाच्या या कायद्यात बसत नाही, हे खरे. पण जिथे समिती नसते तिथे कोणत्याच तक्रारीला दार नसते.

आणि दार कुठे आहे? मे २०२३ मध्ये, गोव्यातूनच आलेल्या एका प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने वृत्तपत्रातील बातमीचा दाखला देत नोंदवले की ३० राष्ट्रीय क्रीडा महासंघांपैकी १६ महासंघांनी अंतर्गत समिती नेमलेलीच नाही. तेव्हा कुस्तीगीर मुली जंतरमंतरवर बसलेल्या होत्या. २०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्याने महासंघांच्या कार्यकारिणीत किमान चार स्त्रिया हव्यात असे म्हटले. पण दिल्लीच्या कार्यकारिणीतल्या बाईपर्यंत म्हापशाच्या हॉटेलातला आवाज आपोआप पोहोचत नाही.

धोका दुसऱ्या बाजूनेही आहे. अशी बातमी आली की घरचे म्हणतात, ‘पुरे झाला खेळ, घरी बस.’ आयोजक म्हणतात, ‘संध्याकाळी सातनंतर खोलीला कुलूप.’ छळ करणारा मोकळा आणि मुलगी कोंडलेली, ही सुरक्षितता आपल्याला मान्य नाही. तिला बाहेर पडण्याचा हक्क आणि बाहेर सुरक्षित असण्याचा हक्क, दोन्ही एकत्रच हवेत.

म्हणून संघटनांना आमचे आवाहन आहे. तुमच्या जिल्ह्यात मुलींची स्पर्धा भरत असेल तर आयोजकांना लेखी विचारा : समिती कुठे आहे, तिच्यात कोण आहे? सदस्यांची नावे आणि फोन मैदानावर व मुक्कामाच्या जागी, मुलींना वाचता येईल त्या भाषेत लावायला सांगा. अंतर्गत समितीत स्वयंसेवी संस्थेची बाहेरची सदस्य असणे कायद्याने बंधनकारक आहे, ती जागा आपल्यातल्या जाणत्या कार्यकर्तीने मागून घ्यावी. स्थानिक समितीवर असलेल्या मैत्रिणींनी एवढे लक्षात ठेवावे की स्पर्धा संपताच खेळाडू दूरच्या राज्यात परतते, आणि तक्रारीची मुदत मात्र तीन महिन्यांचीच असते. कारण पटल्यास ती आणखी तीन महिने वाढवता येते, हे तिला तिथेच सांगायला हवे. आणि करार एका हंगामाचा असला तरी तो लेखी असावा, ही मागणी आपण खेळाडूंच्या बरोबरीने लावून धरू.

घरकामगार, अंगणवाडी सेविका, आशा यांचे श्रम हे श्रम आहेत, हे आपण भांडून सांगत आलो. त्या रांगेत आता या मुलींनाही जागा करून देऊ.