गिटारच्या भोकासमोर माइक नको!



शिलाँगच्या पोस्टिंगमधली गोष्ट. त्या शहराला गिटारचं वेड. आमच्या युनिटमध्येही एक मिझो हवालदार फार सुंदर वाजवायचा. ढोलकीवर बिहारचा नायक, गायला साताऱ्याचा शिपाई, असा तिघांचा बँड. हवालदार महिन्याभरात पेन्शनवर जाणार होता. त्याआधी रेकॉर्डिंग करायचं ठरलं आणि काम माझ्या गळ्यात पडलं.

पहिल्या दिवशी मी गिटारच्या भोकासमोर माइक लावला. आवाज तिथूनच येतो, असं वाटलं. ऐकलं तर नुसतं घूं घूं, वर ढोलकी चढलेली. हवालदार हसून म्हणाला, "साहब, ये मेरा गिटार नहीं है." ते मनाला लागलं.

कारण साधं आहे. गिटारच्या पेटीतली हवा साधारण १०० हर्ट्झच्या आसपास घुमते आणि ते घुमणं भोकापाशी सर्वांत जास्त. त्यात एका दिशेचं ऐकणारा माइक जितका जवळ न्याल तितका खर्ज फुगतो.

दुसऱ्या दिवशी माइक १२व्या फ्रेटसमोर, एक वीतभर अंतरावर ठेवला आणि किंचित पेटीकडे वळवला. तारांची खणखण आणि लाकडाची ऊब, दोन्ही आली. गायकाचा माइक तीन फूट लांब नेला. माइक वाद्यापासून जितका दूर, त्याच्या किमान तिप्पट अंतर दोन माइकमध्ये असावं, म्हणजे एकाचा आवाज दुसऱ्यात कमी घुसतो. आमच्या साध्या कार्डिऑइड माइकला पाठीमागून सर्वांत कमी ऐकू येतं, म्हणून गिटारच्या माइकची पाठ ढोलकीकडे केली. भिंतींवर ब्लँकेट टांगली आणि पत्र्यावरचा पाऊस थांबायची वाट पाहिली. नवीन सामान एकही घेतलं नाही.

काहीजण म्हणतात, गिटारला पिकअप लावून थेट वायर जोडा, किंवा एकेकाचं वेगळं रेकॉर्ड करा. बडा खान्याच्या स्टेजवर स्पीकर शिट्ट्या मारतात, तिथे पिकअप हवाच. पण आठवण म्हणून जपायचं असेल, तर माझं मत ठाम आहे: तिघांना एकत्र, एकमेकांच्या नजरेसमोर बसवा. ढोलकीवाला गिटारवाल्याच्या बोटांकडे बघून ठेका सावरतो. वेगवेगळ्या रेकॉर्डिंगमध्ये तेच हरवतं. थोडा आवाज एकमेकांत मिसळला तर मिसळू दे. बँड म्हणजे तेच.

रेकॉर्डिंग ऐकून हवालदाराने डोळे मिटले आणि एवढंच म्हणाला, "हां, ये मेरा है." आज तो गावी आहे, बाकी दोघांची बदली झाली. ते तिघं आता एकत्र बसतील असं वाटत नाही.

तुमच्या युनिटमध्ये कुणी वाजवणारा पेन्शनवर निघाला असेल, तर महागड्या माइकसाठी थांबू नका. आहे तो माइक घ्या. एक कान बंद करून दुसऱ्या कानाने गिटारभोवती फिरा. जिथे गोड वाटेल, तिथे माइक ठेवा. पण रेकॉर्ड करा, तो जाण्याआधी.

जय हिंद!