चष्मा मिळतो, मग कवळी का नाही?

राज्य सरकारने २०२४ मध्ये ‘मुख्यमंत्री वयोश्री योजना’ आणली. वय ६५ पूर्ण आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असेल, तर ज्येष्ठांच्या खात्यात एकरकमी तीन हजार रुपये जमा होतात. त्यातून त्यांनी गरजेची साधने घ्यायची. या साधनांच्या यादीत चष्मा आहे, श्रवणयंत्र आहे, काठी, वॉकर, व्हीलचेअर, कमोड खुर्ची आहे, गुडघ्याचा आणि कमरेचा पट्टाही आहे. कवळीचे नाव मात्र नाही. केंद्राच्या २०१७ च्या ‘राष्ट्रीय वयोश्री योजने’त ते होते. दात पडणे ही वयाची रीतच आहे, त्यात काय एवढे, असे आपण सगळेच मानत आलो आहोत. ही गळती त्या समजुतीशी जुळणारीच आहे.

पण दात वयामुळे पडत नाहीत. मोठ्या माणसांचे दात मुख्यतः कीड आणि हिरड्यांचा आजार या दोन कारणांनी जातात. जेवणानंतर दातांवर जिवाणूंचा चिकट थर साचतो. तो रोज निघाला नाही, तर त्याचे कडक कीटण होते आणि हिरडीला सूज येते. घासताना रक्त येणे ही पहिली खूण. या टप्प्यावर नीट स्वच्छता झाली, तर हिरडी पूर्ववत होते. तसे झाले नाही, तर सूज आत उतरते, दाताला धरून ठेवणारे हाड झिजू लागते आणि गेलेले हाड सहसा आपोआप परत येत नाही. हे सारे बहुतेकदा न दुखता चालते. दात हलू लागतो तेव्हा वर्षे निघून गेलेली असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार, हिरड्यांचा तीव्र आजार जगात शंभर कोटींहून अधिक लोकांना आहे.

गिरणगावात या आजाराला एक जुनी साथ मिळाली, ती मशेरीची. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि बोटाने दात-हिरड्यांवर चोळायची. १९९० च्या दशकात मुंबई शहरात, प्रामुख्याने कमी उत्पन्नाच्या वस्त्यांत, ३५ वर्षांवरील ९९,५९८ जणांची पाहणी झाली. त्यातल्या ५७.५ टक्के स्त्रिया कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरत होत्या आणि त्यात मशेरीचा वाटा सर्वांत मोठा होता. तंबाखू असलेल्या दंतमंजन-पेस्टवर केंद्राने १९९२ मध्ये बंदी घातली, पण घरच्या तव्यावर ती लागू कशी करणार? ‘मशेरीने दात घट्ट राहतात, रक्त थांबते’ असे आजही ऐकू येते. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून रक्त कमी दिसते. आजार आत चालूच राहतो. धोक्याची खूणच झाकली जाते.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा पंचविशीत असलेला गिरणी कामगार आज पासष्टी ओलांडून गेला आहे. लालबाग-परळच्या चाळींत आणि त्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतींत ही पिढी आहे. त्यांतल्या अनेकांना मधुमेहही आहे. साखर चढी असली की हिरड्या लवकर बिघडतात आणि हिरड्यांची सूज साखर आटोक्यात येऊ देत नाही. दाढा गेल्या की भाकरी, उसळ, शेंगदाणे, काकडी ताटातून जातात आणि चहात बुडवलेला पाव, मऊ भात उरतो. मधुमेह्यासाठी हा बदल साधा नव्हे. दारापासून चिवडा गल्ली दोन मिनिटांवर आणि खाता येत नाही, याचे दुःख वेगळेच.

मग कवळी यादीत का नसावी? एक अडचण खरी आहे. काठी किंवा कमरेचा पट्टा दुकानातून घेता येतो. कवळी ही वस्तू दिसत असली, तरी प्रत्यक्षात ते उपचार आहेत. जबड्याची मापे, चावा जुळवणे, मेणातली चाचणी, मग कवळी आणि नंतर टोचते तिथे घासून घेणे, अशा पाच-सहा खेपा लागतात. एका दिवसाच्या शिबिरात हे नीट होत नाही आणि खासगी दवाखान्यात तीन हजारांत पूर्ण कवळी मिळणे कठीण.

पण मार्ग आहे. मुंबई सेंट्रलचे नायर दंत महाविद्यालय महापालिकेचे, तर सेंट जॉर्जच्या आवारातले राज्य सरकारचे. गिरगाव, परळ, दादरहून दोन्ही फार लांब नाहीत. तिथे प्राध्यापकांच्या देखरेखीखाली विद्यार्थी कवळ्या बनवतात आणि खर्च खासगीच्या मानाने बराच कमी असतो. कर्नाटकने ‘दंतभाग्य’ योजनेत गरीब ज्येष्ठांना मोफत कवळी देताना दंत महाविद्यालयांनाच हाताशी धरले. आपल्याकडे कवळीचे नाव यादीत घालावे आणि तीन हजारांच्या जोडीला या महाविद्यालयांत ठरलेली वेळ द्यावी. पाच खेपा घालणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला प्रत्येक खेपेला रांगेत उभे करू नये.

इम्प्लांटच्या जाहिराती आता नाक्यानाक्यावर दिसतात. उपाय चांगला आहे. १९६५ पासून, स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांनी टायटॅनियमचा स्क्रू जबड्यात बसवला तेव्हापासून, तो वापरात आहे. पण ज्या हिरडीने आणि हाडाने मूळचा दात सोडला, तीच या स्क्रूला धरणार असतात. आधी हिरड्यांचा आजार आटोक्यात आणणे, तंबाखू सोडणे आणि साखर नियंत्रणात ठेवणे हे ‘आधी’चे काम जो डॉक्टर सांगत नाही, त्याच्याकडे दुसऱ्यांदा विचारपूस करावी.

घरी करायचे थोडकेच आहे. मऊ ब्रशने दोनदा, रात्रीचे न चुकता, घासावे. साखर तपासायला जाल तेव्हा हिरड्याही दाखवाव्यात. कीटण काढल्याने दात हलत नाहीत. कीटणाने झाकलेल्या फटी तेवढ्या दिसू लागतात. कवळी असेल तर रात्री काढून, घासून, पाण्यात ठेवावी. दात गेल्यावर जबड्याचे हाड झिजत राहते, म्हणून जुनी कवळी सैल होते. ती तशीच रेटू नये, दुरुस्त करून घ्यावी. आणि घरातल्या आजीने ‘मला आता काय करायचेत दात’ म्हटले, तर तिच्या ताटाकडे एकदा पाहावे.